घरच्यांसोबत पाहण्याजोगा

थळ, बुधवार, १९ जून

प्रिय दादूस,

मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. ती परतही आली नाहीत, म्हणून हे तिसरं पत्रही फाइट मास्तरांच्या मुंबईच्या खोलीच्याच पत्त्यावर टाकते आहे. तुझा फोन बंद लागतो. मास्तरांनी बाबांना जे सांगितलं, की परदेशातल्या शूटिंगला धक्क्यावरून पाण्यात पडायचं काम होतं आणि "उस दिन के बाद विनेश दिखा ही नहीं", ते मी खरं धरत नाही आणि खोटंही धरत नाही. दिसला नाही म्हणजे नाही, असं होत नाही. घरात मी एवढंच म्हणाले, तर बाबा जेवता जेवता उठून होडीकडे गेले.

घरची बातमी अशी की गावानं मला एक काम दिलं आहे. तू हसशील. मासेमारी बंदीचे दोन महिने होड्या वर ओढलेल्या, माणसं रिकामी, म्हणून दर रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीवर सिनेमा असतो. मशीन चंदरचं, निवडही त्याचीच. सगळे मारामारीचे. कराटे, कुंग-फू, तलवारी, आणि हिंदीत बोलणारे लांबच्या देशातले लोक. गेल्या वर्षी भिकूच्या पोरानं सिनेमा बघून ओट्यावरून उडी घेतली आणि धाकट्या बहिणीचा दात पाडला. या वर्षी पहिल्याच रविवारी वेणूबाई पडद्याच्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. मासळी बाजारात त्यांचा शब्द चालतो, तसा इथंही चालला.

"बायकापोरं घेऊन बसायचं तर आधी कुणीतरी चाखून बगा. कालवण वाढायच्या आधी मीठ चाखतो का न्हाय?"

"चाखायला कोण बसनार, मावशी?" चंदरनं विचारलं.

"सदा तांडेलाची रुची. ती पोरगी तांदळातला खडा सोडीत न्हाय, सिनेमातला काय सोडील?"

तेव्हापासून शनिवारी दुपारी मी एकटी हॉलमध्ये बसते. खिडक्यांना ताडपत्री लावलेली असते. आधी सिनेमा मी बघते आणि रविवारी उभी राहून सांगते, हा घरच्यांसोबत पाहण्याजोगा आहे की नाही, आणि असेल तर कुठल्या वेळेला पोरांना पाणी प्यायला बाहेर न्यायचं.

कसं ठरवायचं हे कुणी सांगितलं नाही. म्हणून मी घरात शिकले त्याच्यावरच चालते. आजारपणामुळे मी शाळेत उशिरा गेले, त्याआधी अक्षरं तू शिकवलीस, होड्यांवरची नावं वाचायला लावून. आणि पडायला बाबांनी शिकवलं, आपल्या दोघांना, वाळूत. "मारनाऱ्याचा हात नको बगू, पडनाऱ्याचं काय व्हतंय ते बग," असं ते म्हणायचे. मी तेच बघते. रक्त किती सांडलं हे मी बघत नाही. पडलेला उठतो का, तो कुठं गेला हे कुणी विचारतं का, हे बघते. बहुतेक सिनेमांत कुणीच विचारत नाही. नायक पुढे जातो आणि पडलेले तिथेच राहतात, पुढच्या चित्रात जमीन मोकळी. हे मी सांगितलं तर चंदर म्हणाला, "म्हंजे आता व्हिलनच्या आयशीला इचारून सिनेमा लावायचा का, मॅडम?" सगळे हसले. मीही हसले.

एक गोष्ट लिहू की नको, असं इतका वेळ चाललं होतं. लिहिते. बाबा भटजींना भेटून आले. आषाढाच्या अवसेला पुतळा करायचं ठरलं आहे. ज्याचा देह सापडत नाही त्याचा दर्भाचा माणूस करतात आणि तो जाळतात, तो. त्यानंतर वाट बघायची नसते. होडीचे तांडेल म्हणून त्यांचं म्हणणं असं की घरातला माणूस अर्धा पाण्यात असताना होडी लोटता येत नाही. आई अजूनही तुझं ताट मांडते.

अवसेच्या आत एक ओळ तरी टाक.

तुझी,
रुची


थळ, मंगळवार, २ जुलै

दादूस,

हे पत्र मी सावकाश लिहिते आहे. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, असं ठरवलं आहे.

शनिवारी चंदरनं नवा सिनेमा आणला. एक म्हातारा नावाडी, त्याच्या गावावर लुटारू येतात, तो वल्ह्यानं सगळ्यांना झोडतो. वल्हं फिरवायची पद्धत मला आवडली. शेवटची मारामारी लाकडी धक्क्यावर आहे. लुटारूंनी तोंडाला काळं फडकं बांधलेलं, डोळेच दिसतात. म्हातारा एकेकाला पाण्यात पाडतो. सगळे पडायचे तसे पडतात, हातपाय फेकून, दिखाऊ. एकच जण तसा पडत नाही. तो उजवा खांदा आत घेतो, हनुवटी छातीला लावतो, आणि त्याचा डावा हात उघडा राहतो, बोटं पसरलेली, दोर शोधणारी.

असं पडणारी माणसं जगात तीन आहेत. एक बाबा, एक मी.

त्याच्याजवळ धक्क्यावरून एक दोर लोंबत होता. सिनेमा तिथून हलला नाही. इतर सिनेमे लगेच नायकाकडे वळतात, हा मात्र पाण्यातल्या हाताकडे बघत राहिला. मला बरंसुद्धा वाटलं, की चला, पडलेल्याकडे बघणारा एक तरी निघाला. हात दोराच्या जवळ होता, वीतभर. आणि मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "दादूस! विनेश दादूस!"

त्या माणसानं मान वळवली. दोराकडून माझ्याकडे.

बाबांनी आपल्याला काय सांगितलं होतं ते तुला आठवत असेल. पाण्यात पडलेल्याला नावानं हाक मारायची नाही. "नाव ऐकलं की मान वळते, मान वळली की दोर सुटतो. फकस्त 'धर' म्हनायचं." लहानपणी आपण वाळूत खेळतानासुद्धा ते पाळायचो. मीच विसरले.

मी सिनेमा मागे नेला. पुन्हा लावला. या वेळी पडल्यापासूनच त्याची मान माझ्याकडे होती आणि हातात नि दोरात एका हाताचं अंतर होतं. आधीपासून असंच होतं का? असेल. एकदा पाहिलेलं माणूस चुकीचं सांगू शकतं. कुठल्या वेळच्या पाहण्यावर शपथ घ्यावी, हे मला कळत नाही. शिवाय हा सिनेमा कधीचा तरी तयार झालेला. त्यातला माणूस आज कुठे आहे ते सिनेमा सांगत नाही. हे सगळं मला कळतं, आणि तरी त्या फडक्यावरचे डोळे तुझे होते आणि ते विचारत होते, कोण?

तेवढ्यात चंदर ताडपत्री बाजूला करून आला. "झाला का, मॅडम? पास का नापास?"

"नापास."

"का? रगात तर टोमॅटो सॉसएवढंबी न्हाय."

"पाणी फार आहे."

"पानी?" तो म्हणाला. "कोळ्यांना पान्याचं वावडं कवापासनं?"

रविवारी त्यानं जुना सिनेमा लावला. मी खोटं बोलले, हे तुला सांगते. पाणी हे कारण नव्हतं.

रुची


थळ, शुक्रवार, १२ जुलै

दादूस,

मी तो सिनेमा पुन्हा बघायला नको होता. पण माझ्या कामाचा भाग आहे, असं मनाला सांगून बघते. प्रत्येक वेळी हात दोरापासून थोडा आणखी लांब असतो. काल एक होडी मावेल एवढं अंतर होतं आणि पाणी मनगटापर्यंत चढलं होतं.

खात्री करायला चंदरला शेजारी बसवलं. "हात दिसतो?"

"दिसतो की. बुडनाऱ्याचा हात दिसायचाच."

"परवापेक्षा लांब आहे का?"

मस्करी करणारा माणूस एकदम हळू बोलायला लागला. "रुचिता, आता हे बंद कर. घरी जा. आयशीला च्या करून दे."

आणि स्वतःच माझ्याआधी आईकडे गेला असावा, कारण मी घरी पोचले तेव्हा तिला कळलं होतं. ती पडवीत सुके बोंबील निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "माझा पोर हाय त्यात?"

मी म्हणाले, तोंडाला फडकं आहे, नक्की सांगता येत नाही.

"तू नक्की कदी सांगतेस गो? मला दाखव. मी सांगीन."

"आय, बघून काय करणार?"

"हाक मारीन," ती म्हणाली. "एका हाकेत यायचा. भर खेळातनं यायचा."

दादूस, मला तेच भय आहे. माझ्या एका हाकेनं तुझी मान वळली. तिची हाक ऐकलीस तर तू दोराकडे पुन्हा बघणारच नाहीस. आणि दाखवलं नाही तर अवसेला दर्भाचा माणूस जळणार, आणि त्यानंतर या घरात तुझ्यासाठी कुणी हात पुढे करायचा नाही. घरच्यांना दाखवावा की दाखवू नये, हे मी दर शनिवारी ठरवते. आता आपलंच घर समोर आलं आहे आणि मला ठरवता येत नाही.

म्हणून बाबांकडे गेले. ते होडीत होते, वर प्लास्टिक ओढलेलं, आत जाळं विणत बसलेले. तू गेल्यापासून तुझं नाव त्यांनी घेतलेलं नाही, हे तुला मी मागे लिहिलं होतं. त्या दिवशी दारात ते तुला म्हणाले होते, "पडायचा पगार घ्यायला मुंबईला चाललास? पडायला मी शिकवलं न्हाय का?" त्यानंतर एकही शब्द नाही. मी सगळं सांगितलं. हाक मारली तेही. मला वाटलं, रागावतील, नाहीतर डोक्यावर हात ठेवून म्हणतील की पोरीचं डोकं फिरलं.

त्यांनी विचारलं, "दोर कंच्या अंगाला हाय?"

"डाव्या."

"पानी धक्क्याकडं येतंय का जातंय?"

मी डोळे मिटून पाहिलं. "जातंय."

"मंग ओहोटी. ओढ लागली त्याला." सुई जाळ्यात खोचून त्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "येत्या नको. त्याच्या पुढच्या आयतवारी लाव. भरती दुपारची हाय त्या दिशी."

"सिनेमातल्या पाण्याला आपली भरती कशी लागेल, बाबा?"

"पानी येकच हाय," ते म्हणाले.

रुची


थळ, सोमवार, २२ जुलै

दादूस,

काल लावला.

हॉल भरला होता. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा आणि भज्यांचा वास. मी भिंतीसमोर उभी राहिले आणि नेहमीसारखं सांगितलं, की हा सिनेमा घरच्यांसोबत पाहण्याजोगा आहे का हे मला अजून कळलेलं नाही, आज तो बघूनच कळेल. वेणूबाई म्हणाल्या, "अगो, चाखनारीच असं म्हनाय लागली तर आमी जेवायचं कसं?" पण त्या आईकडे बघत होत्या आणि हसत नव्हत्या. बहुतेक सगळ्यांना माहीत होतं.

बाबा शेवटी आले. खांद्यावर होडीचा दोर, वेटोळं करून. मागून भिकू ओरडला, "तांडेल, सिनेमा पळून जाईल म्हनून बांधाय आनलाव काय?" बाबा आईला घेऊन सगळ्यांत पुढे जमिनीवर बसले आणि वेटोळं मांडीवर ठेवलं.

म्हातारा नावाडी आला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. वल्हं फिरलं तशा आणखी मारल्या. मी मशीनजवळ उभी होते, पुढे काय येतं ते मला पाठ होतं. धक्का आला. काळी फडकी आली. एक पडला, दुसरा पडला. मग तो पडला, खांदा आत, हनुवटी छातीला.

आईनं श्वास घेतला. ती हाक मारायच्या आधी घेते तसा, पोटातून. मला तो आवाज शिट्ट्यांमधून ऐकू आला. बाबांनी तिच्या तोंडावर पंजा ठेवला. हळू ठेवला, पण ठेवलाच. ती त्यांच्या हाताला चावली, हे नंतर दिसलं. त्यांनी काढला नाही.

भिंतीवर हात फार लांब गेला होता. धक्का चित्राच्या एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला, नुसती बोटं पाण्यावर. मान आमच्याकडे.

बाबा उठले. मशीनचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि त्यांची सावली त्या पाण्यात उभी राहिली, कमरेइतक्या पाण्यात. त्यांनी आईच्या तोंडावरचा हात काढला. तिनं स्वतःच स्वतःचं तोंड पदरानं दाबलं. बाबांनी वेटोळं डाव्या हातात घेतलं, उजव्यानं फेकलं.

"धर!"

दुसरा शब्द नाही. तुझं नाव नाही. होडीवर म्हणतात तसंच.

दोर भिंतीवर आपटून खाली पडला. दोराची सावली मात्र पाण्यावर लांब गेली आणि त्या हाताजवळ पडली.

हात मिटला.

हा सिनेमा मी इतक्या वेळा पाहिला आहे की प्रत्येक लाट ओळखते. त्यात तो हात कधीही मिटत नाही. उघडाच बुडतो. काल तो मिटला, आणि फडक्यावरचे डोळे माझ्याकडून बाबांकडे वळले. मागून चंदर म्हणाला, "धरला." वेणूबाई म्हणाल्या, "धरला गो बाय." म्हणजे मी एकटीनं पाहिलं असं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

पुढे सिनेमा चालू राहिला, म्हातारा जिंकला, पण कुणी बघत नव्हतं. बाबा हळूहळू दोर ओढून घेत होते, हातावर हात, जड काही येत असल्यासारखा. टोक आलं, ते ओलं होतं. आता नीट सांगायचं तर हॉलची ती भिंत गळते, पावसात तिच्या बुडाशी ओल असते, दोर तिथंच पडला होता. सगळे टोकाकडे बघत होते आणि कुणी हात लावत नव्हतं.

"चाख," वेणूबाई मला म्हणाल्या. "तुझंच काम हाय."

मी चाखलं. खारट होतं.

रुची


थळ, शुक्रवार, ९ ऑगस्ट

दादूस,

या पत्रावर मास्तरांचा पत्ता घातलेला नाही.

अवस होऊन गेली. पुतळा केला नाही. भटजींना बाबांनी एवढंच सांगितलं, "दर्भ ऱ्हाऊं दे, गाईला घाला." काल होडी लोटली. आईनं नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं दिलं, तुझ्या वाटचं कापडात बांधून ठेवलं आहे. बाबांच्या हातावरचा तिच्या दाताचा वण गेलेला नाही. ती रोज त्याला खोबरेल लावते आणि ते लावू देतात.

मी सिनेमा आणखी एकदा बघितला, शेवटचा. चंदर सोबत बसला होता, त्यानं मला एकटीला बसू दिलं नाही. धक्का आला. एक पडला, दुसरा पडला. तिसरा कुणी पडलाच नाही. त्या जागी नुसतं पाणी आहे, आणि पाण्यावर लोंबणारा दोर, तोही नीट बघितलं तर ओल्या गाठीचा, नुकताच कुणी सोडलेला. चंदरनं मशीन बंद केलं आणि विचारलं, या वेळी मॅडम न म्हणता, "आता काय लिवायचं? पास का नापास?"

मी सांगितलं, "पास. पण एकट्यानं बघायचा नाही. घरच्यांसोबतच बघायचा."

बाबांनी तो दोर होडीत परत नेला नाही. नवा घेतला. जुना धक्क्याच्या टोकाला बांधून पाण्यात सोडला आहे. मी सकाळी जाते, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी जाते. भरतीला तो ताणलेला असतो. ओहोटीला ढिला पडायला हवा, पण तेव्हाही ताणलेलाच असतो. खाली एखाद्या खडकात अडकला असेल. मी ती शक्यता सोडलेली नाही.

काल संध्याकाळी हात लावून पाहिला. दोर माझ्या हातात जरासा हलला, झोपेतल्या माणसाचं मनगट हलतं तसा. मी दोन्ही हातांनी धरला. ओढणार होते. नाव ओठांपर्यंत आलं होतं, तेही गिळलं.

मागे बाबा उभे होते, कधी आले कळलं नाही.

"ओढू नको गो," ते म्हणाले. "लांबून यायचंय त्याला. दमलाय पोर. त्याच्या दमानं येऊं दे."

रुची